सगळ्यांचा एकच पासवर्ड

मित्रांनो, घड्याळाच्या खाली भिंतीला चिकटलेला, ज्वारीच्या पिठाने पांढराफटक झालेला आणि दोन अँटेना मिशांसारख्या वर करून बसलेला जो डबा तुम्हाला दिसतो आहे, तो मी. मी वायफायचा राउटर. वयाने जुना, पण अजून कामावर हजर. सोलापुरात बाळीवेशीजवळ 'अक्कम्मा भाकरी केंद्र' आहे ना, तिथे मी राहतो. माझी एक मिशी मध्येच वाकलेली दिसते, कारण एका वर्षी कॅलेंडर अडकवायला इथल्या मंडळींना दुसरी जागाच सापडली नव्हती.

माझा जन्म कोणत्या देशात झाला हे माझ्या पाठीवर छापलेलं आहे. पण माझी पाठ कायम भिंतीकडे असते, त्यामुळे मला ते कधी वाचता आलं नाही. कारखान्यातलं शिक्षण मात्र मला चांगलं आठवतं. दाराची राखण कशी करायची याचे तिथे मला दोन प्रकार शिकवले होते. पहिला प्रकार सोपा. सगळ्यांसाठी एकच पासवर्ड ठेवायचा आणि जो कोणी तो सांगेल त्याला आत घ्यायचं. दुसऱ्या प्रकारात प्रत्येकाला स्वतःचं नाव आणि स्वतःचा पासवर्ड असतो. आलेल्याला मी विचारायचं, "कोण तुम्ही?" आणि नाव नि पासवर्ड जुळला तरच दार उघडायचं. घरांसाठी पहिला प्रकार पुरतो, कचेऱ्यांसाठी दुसरा हवा, असं आम्हाला सांगितलं होतं. मला दोन्ही येत होते. त्यामुळे मी खोक्यात बसून प्रवासाला निघालो तेव्हा जरा ताठ्यातच होतो.

नव्या पेठेतल्या एका दुकानातून मला भुवनेश्वरीने विकत आणलं. भुवनेश्वरी म्हणजे या केंद्राची सूनबाई. तिची आजेसासू अक्कम्मा हिने घरच्या चुलीवर कडक भाकऱ्या करून विकायला सुरुवात केली होती. पापडासारखी पातळ, कुरकुरीत, महिनाभर टिकणारी ज्वारीची भाकरी आणि बरोबर शेंगाचटणी. अक्कम्मा आता फोटोत असते, अगदी माझ्या समोरच्या भिंतीवर. तिचे चिरंजीव सिद्रामप्पा केंद्राचे मालक, भुवनेश्वरीचे सासरे. त्यांना सगळे अण्णा म्हणतात, फक्त भुवनेश्वरी मामा म्हणते. ती आली आणि केंद्रात संगणक आला, ऑर्डरी फोनवर येऊ लागल्या, पुण्या-मुंबईला खोकी जाऊ लागली. पुड्यांवरची लेबलं छापायला एक छोटं यंत्र आलं. या सगळ्यांची बोलणी एकमेकांपर्यंत पोचवायला मी आलो.

माझं स्वागत थाटात झालं. नारळ फुटला, उदबत्ती लागली आणि अण्णांनी आपल्या बोटाने मला कुंकू लावलं. ते नेमकं माझ्या हिरव्या दिव्यावर लागलं. तेव्हापासून माझा तो दिवा लाल दिसतो आणि नवा माणूस आला की नेट बंद पडलंय असं समजून परत जायला निघतो.

मला बसवायला आलेल्या माणसाने विचारलं, "पासवर्ड काय ठेवायचा?"

भुवनेश्वरी म्हणाली, "प्रत्येकाला वेगळा देता येतो ना?"

पण अण्णा मध्ये पडले. "कशाला पाहिजे येवढं? एकच ठेव की. माझ्या आईचं नाव ठेव, पुढं एक दोन तीन. कुणी इसरायला नको."

त्या दिवशी दारावरची पाटी रंगवायला पेंटर आला होता. त्याच्या डब्यात निळा रंग उरला होता. अण्णांनी त्याच्याकडून माझ्याखालच्या भिंतीवर पासवर्ड ठळक अक्षरांत लिहून घेतला, आणि पेंटरने हौसेने त्याच्या दोन्ही बाजूंना कमळंही काढली.

मित्रांनो, अण्णा मनाने फार मोठे. केंद्रात कोणी आलं की आधी तांब्याभर पाणी, मग गूळ-शेंगा, आणि तो माणूस शेंगा सोलायला लागला की अण्णा भिंतीकडे बोट करायचे. "जोडा की वायफाय. पाण्याला आन् वायफायला आमच्याकडं न्हाय म्हणायची पद्धत न्हाय." मग काय विचारता! ज्वारी घेऊन आलेला हमाल, समोरच्या औषधाच्या दुकानातली मंडळी, खाली थांबलेले रिक्षावाले, त्यांच्या रिक्षात बसलेली माणसं, सगळी आत. एकदा गल्लीत नवरदेवाची वरात थांबली होती, तेव्हा बँडवाल्यांनीही माझ्याकडून गाणी उतरवून घेतली. मला गर्दी आवडते. पण एक गोष्ट मनाला खायची. इतकी माणसं माझ्या दारातून येत-जात होती आणि मी त्यातल्या एकालाही ओळखत नव्हतो. सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द, 'अक्कम्मा एक दोन तीन'. दार उघडण्यापलीकडे मी करणार काय? आणि एकदा आत आलं की घरातली प्रत्येक खोली मोकळी. लेबलाचं यंत्रसुद्धा कोणाच्याही फोनचं ऐकायचं.

असं असलं तरी कित्येक वर्षं काही बिघडलं नाही. खांडेनवमीला यंत्रांची पूजा व्हायची तेव्हा झेंडूचा हार माझ्या सगळ्या झरोक्यांवरून घालायचे आणि मी तापून बंद पडायचो, येवढाच काय तो त्रास.

आता मल्लव्वाबद्दल सांगतो, कारण ही सगळी गोष्ट तिचीच आहे. मल्लव्वा पुड्या बांधायच्या टेबलावर बसते, लेबलाच्या यंत्राशेजारी. अक्कम्माने तिला स्वतः शिकवलं होतं. एवढी पातळ भाकरी, हात लागला की मोडणारी, पण मल्लव्वाने बांधलेल्या पुड्यात तुकडा सापडला तर शपथ. ती फार बोलत नाही. बोलली तर मोजकं आणि सरळ. तिच्या मुलाने तिला नुकताच एक फोन घेऊन दिला होता. तो ती रुमालात गाठ मारून पिशवीत ठेवायची आणि जेवणाच्या सुट्टीतच सोडायची.

त्या सुमारास पुण्याच्या एका मोठ्या दुकानाकडून ऑर्डर आली. आधी नमुन्यादाखल काही खोकी पाठवा, पसंत पडली तर वर्षभर घेऊ, असं त्यांनी कळवलं होतं. भुवनेश्वरीच्या पायाला भिंगरी लागली. लेबल कसं असावं यावर तिने दोन दिवस डोकं खाजवलं. "मल्लव्वा," ती म्हणाली, "ह्या वेळी लेबल जरा देखणं करायचंय. फुलाबिलाचं. नमुना करून ठेवते." पण त्याच दिवशी तिला माहेरी, मंद्रूपला, भाच्याच्या बारशाला जायचं होतं. यंत्रावर किती प्रती हव्यात तो आकडा तिने लावून ठेवला, 'लेबल बसमधनं पाठवते' असं म्हणाली आणि धावत स्टँड गाठला. आमच्या यंत्राचं एक वैशिष्ट्य आहे. त्याच्यावर आकडा लावून ठेवला की पुढे जे येईल ते तेवढ्या वेळा छापायचं. काय आलं, कोणाकडून आलं, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

ती गेली ती सकाळची वेळ. ही वेळ माझ्यासाठी फार गडबडीची असते. अख्खं सोलापूर उठून एकमेकांना 'शुभ सकाळ'चे फोटो पाठवत असतं. फुलं, वाफाळता चहा, उगवता सूर्य आणि खाली एखादा उपदेश. एकच फोटो पन्नास फोनांत जातो आणि त्यातले निम्मे माझ्याच अंगावरून जातात. त्या गर्दीत कोणाच्या तरी फोनवरून एक फोटो भलत्याच दिशेने निघाला आणि लेबलाच्या यंत्रात जाऊन बसला.

यंत्र घरघरलं. गुलाबाचं फूल, चहाचा कप आणि खाली मजकूर, 'रागावर ताबा ठेवा. शुभ सकाळ.' एकामागून एक, एकामागून एक.

मल्लव्वाने लेबल हातात धरून पाहिलं. "बया! वहिनींनी लई देखणं काढलंय की."

पलीकडे भाकरी थापणारी सोनाबाई म्हणाली, "भाकरी खाताना राग कशाला येईल वो कुणाला?"

"शेंगाचटणी तिखट लागली की येतोय की," मल्लव्वा म्हणाली आणि तिने लेबलं लावायला घेतली. एकही वाकडं नाही, एकाही कोपऱ्याला सुरकुती नाही. दुपारी टेम्पो आला आणि खोकी पुण्याला गेली.

आणि तशीच्या तशी परत आली. पुड्यावर वजन नाही, तारीख नाही, कशापासून बनवलंय ते नाही, हे आम्ही विकायचं कसं, असा दुकानाचा फोन आला. भुवनेश्वरीने खोकं उघडलं, पुडा बाहेर काढला आणि मटकन खालीच बसली. बसच्या धांदलीत ती खरं लेबल पाठवायला विसरली होती आणि इकडून कोणी मागितलंही नाही, म्हणून ते तिच्या लॅपटॉपमध्येच राहिलं होतं.

अण्णांनी तो पुडा हातात घेतला. चेहरा लालबुंद झाला होता, आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जात होता, आणि हातातल्या पुड्यावर लिहिलं होतं, 'रागावर ताबा ठेवा'. एरवी मी हसून हसून मिशा हलवल्या असत्या. पण पुढे जे झालं त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

"मशीनपाशी कोण बसतंय? हीच की!" अण्णा मल्लव्वाकडे बोट दाखवून म्हणाले. "नवा फोन आलाय, खेळत बसली असंल."

भुवनेश्वरी म्हणाली, "मामा, कोणाच्याही फोनवरून आलं असेल. सगळ्यांकडं एकच पासवर्ड आहे."

"कोणाच्याबी म्हंजे कुणाच्या? नाव सांग एक." अण्णा मल्लव्वाकडे वळले. "दाखव तुझा फोन."

मल्लव्वाने पिशवीतून रुमाल काढला, गाठ सोडली आणि फोन पुढे केला. तोच गुलाब, तोच चहाचा कप, तोच उपदेश तिच्या फोनमध्ये होता. असणारच. त्या दिवशी तो सोनाबाईच्या फोनमध्ये होता, रिक्षावाल्यांच्या होता, औषधाच्या दुकानात होता, खुद्द अण्णांच्या खिशातल्या फोनमध्येही होता. पण बाकी कोणाचे फोन कोणी मागितले नाहीत.

"घ्या!" अण्णा म्हणाले. "आन् काय पाहिजे?"

मल्लव्वाचा आवाज चढला नाही. "अण्णा, अक्कम्माच्या हाताखाली ह्या टेबलाला बसलेय मी. मशीननं दिलं ते लावलं. मी धाडलं न्हाय."

"मग काय मशीननं आपल्या मनानं काढलं व्हय?"

 टेबलावरचं फडकं मल्लव्वाने झटकलं, घडी घालून ठेवलं, पिशवी उचलली आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

मित्रांनो, मला फार वाईट वाटलं. तो फोटो माझ्याच दारातून आत आला होता. पण आणणारा कोण, असं कोणी मला विचारलं असतं तर मी काय सांगणार होतो? 'अक्कम्मा एक दोन तीन' म्हणणारा एक जण, येवढंच. जिथे सगळ्यांचं नाव एकच असतं तिथे दोष शोधायला कोणी लांब जात नाही. जवळ बसलेल्या माणसावर तो ढकलून मोकळे होतात. एका सरळ बाईच्या नावाला बट्टा लागला होता आणि ती माझ्यासमोरून उठून गेली होती.

पुण्याच्या दुकानाची समजूत घालून भुवनेश्वरीने आणखी एक संधी मागून घेतली. आणि तिने पंचाक्षरीला बोलावलं. हा तरुण दुकानादुकानांतून नेटवर्क बसवून देतो. तो स्टुलावर चढला, माझ्यावर फुंकर मारली आणि पुढची पाच मिनिटं नुसता शिंकत राहिला. मग त्याने मला भिंतीवरून काढून पाठ वाचली.

"अहो वहिनी, हा तर ऑफिसवाला आहे! प्रत्येकाचं नाव विचारून आत घ्यायचं ह्याला येतं. तुम्ही त्याला नुसता घरगुती करून ठेवलाय."

किती वर्षांनी माझ्याबद्दल कोणी चांगलं बोललं होतं! मी लगेच सगळे दिवे लावून दाखवले. पंचाक्षरीने माझे झरोके मऊ ब्रशने साफ केले, माझ्यात नवी माहिती भरली, कारण मधल्या काळात चोर हुशार झाले होते आणि मी तसाच राहिलो होतो. मग तो समजावून सांगायला बसला.

"आत्ता कसं आहे, घराला एकच किल्ली आणि तिच्या प्रती सगळ्या पेठेत वाटलेल्या. एखाद्याला बंदी करायची म्हटलं तर सगळ्यांची किल्ली बदलायला लागते. आता प्रत्येकाची वेगळी करू. कोणी काम सोडलं तर फक्त त्याचं नाव काढायचं. पाहुण्यांना वेगळं दार. त्यातून त्यांना नेट मिळेल, पण लेबलाचं यंत्र आणि तुमचा लॅपटॉप दिसणार नाही."

 अण्णा म्हणाले, "आलेल्या माणसाला तू कोण म्हणून इच्यारायचं? आमच्या आईनं कधी कुणाला इच्यारलं न्हाय. ही पद्धत आमची न्हाय."

 भुवनेश्वरी हळू आवाजात म्हणाली, "मामा, देवाची बरोबरी करत नाही मी. पण आपल्या घरात प्रत्येकाच्या गळ्यात आपापलं इष्टलिंग आहे. सगळ्या घरात मिळून एकच ठेवलं, असं असतं का? आपलं दुसऱ्याला देतो का आपण? त्यात पाव्हण्याचा अपमान होत नाही की."

अण्णांचा हात नकळत छातीवरच्या इष्टलिंगाशी गेला.  ते म्हणाले, "येवढं सोपं हुतं, तर आधी का सांगितलं न्हाईस?"

झालं! माझ्या शेजारी एक लहानशी काळी पेटी येऊन बसली. तिला रेडियस म्हणतात. सगळ्यांची नावं आणि पासवर्ड तिच्या पोटात. माझ्या दारात कोणी आलं की मी नाव आणि पासवर्ड विचारतो आणि पेटीला हळूच विचारतो, "बाई, घेऊ का आत?" ती 'हो' म्हणाली तरच दार उघडतं. स्वभावाने ती कडक आहे. ओळखीपाळखीने काही चालत नाही. आणि गंमत म्हणजे आता फोनही आमचं ओळखपत्र तपासतात. माझं नाव लावून दुसराच कोणी डबा समोर बसला तर ते त्याला पासवर्ड सांगत नाहीत. अर्थात 'काहीही असू दे, जोड' असं म्हणून तुम्हीच बटण दाबलंत तर बिचारा फोन काय करणार? तेव्हा ओळखपत्र तपासायचं बटण बंद करू नका.

भिंतीवरच्या निळ्या अक्षरांना चुना लागला. कमळं तेवढी ठेवली. अण्णांना पासवर्ड ठरवायला सांगितला तेव्हा त्यांनी तो खणखणीत आवाजात सगळ्या बायकांना ऐकू जाईल असा सांगितला. पंचाक्षरीने कपाळाला हात लावला आणि दुसरा ठरवायला सांगितलं. अण्णांनी तोही मोठ्याने सांगितला. शेवटी भुवनेश्वरीने त्यांना फोन देऊन बाहेर कट्ट्यावर बसवलं, तेव्हा कुठे तो पासवर्ड गुप्त राहिला.

पंचाक्षरीने आणखी एक सोय केली. यंत्र आता कोणतंही काम सुरू करताना पहिल्या लेबलावर ज्याने पाठवलं त्याचं नाव छापतं. "आणखी कोणाची नावं घालायची?" त्याने विचारलं.

"माझं आन् सूनबाईचं. बास," अण्णा म्हणाले. "बाकीच्या भाकऱ्या थापतात. त्यांना कशाला पाहिजे?"

नवी व्यवस्था सुरू झाली. दोन-चार दिवस गेले असतील. सोमवारची सकाळ होती. अण्णा पूजा करून, कपाळाला विभूती लावून नेहमीप्रमाणे माझ्याखालच्या खुर्चीत येऊन बसले. चष्मा कपाळावर, फोन हातभर लांब धरलेला आणि त्यावर त्यांचा जाडजूड अंगठा. पुढे जे बटण येईल ते 'हो' म्हणून दाबत जायचं, ही त्यांची पहिल्यापासूनची सवय.

यंत्र घरघरलं.

भुवनेश्वरी टेबलाशीच होती. पहिलं लेबल बाहेर आलं. तिने ते वाचलं आणि अण्णांच्या हातात दिलं. त्यावर एवढंच होतं, 'नाव: सिद्रामप्पा'. मागोमाग दुसरं आलं. कमळाचं फूल, हात जोडलेले, आणि खाली 'हसा आणि हसवत राहा. शुभ सोमवार.' मग तिसरं, चौथं, पाचवं, सगळी कमळंच.

"हे कुणी काढलं?" अण्णा गरजले आणि मग त्यांनी हातातलं लेबल पुन्हा वाचलं. "मी तर फोटो धाडत हुतो. मंद्रूपच्या व्याह्यांस्नी."

भुवनेश्वरीने त्यांचा फोन घेऊन पाहिला. फोटो पाठवायच्या जागी व्याह्यांच्या चेहऱ्याला अगदी खेटून यंत्राचं चित्र होतं. अंगठा जरा कलला की संपलं. ती म्हणाली, "मामा, त्या दिवशीही असंच झालं असणार."

भाकरी थापायचा आवाज थांबला होता. सोनाबाईने हसू दाबण्यासाठी पदर तोंडात धरला होता. पण अण्णांचा चेहरा पाहून तिने तो हळूच खाली सोडला. अण्णा एकदम म्हातारे दिसायला लागले. ते कितीतरी वेळ मल्लव्वाच्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले. चहा आला, तो तसाच गार झाला.

मग ते उठले आणि त्यांनी स्कूटरची किल्ली घेतली.

"मामा, फोन लावून देऊ का?" भुवनेश्वरीने विचारलं.

"रागं भरलो सगळ्यांसमोर, आन् माफी फोनवर मागू व्हय?" असं म्हणून ते गेले.

मल्लव्वाच्या घरी काय झालं ते मला माहीत नाही. माझी धाव समोरच्या औषधाच्या दुकानापर्यंत, त्यापुढचं मला दिसत नाही. पण तासाभराने गल्लीच्या तोंडाशी जे दिसलं ते मी कधीच विसरणार नाही. मल्लव्वा चालत येत होती. ती स्कूटरवर बसायला तयार झाली नव्हती. आणि अण्णा, अक्कम्मा भाकरी केंद्राचे मालक, स्कूटर ढकलत, घामाघूम होऊन तिच्या बरोबरीने चालत येत होते.

ज्या जागी उभं राहून ते ओरडले होते तिथेच ते उभे राहिले. "सगळ्याजणी ऐका," ते म्हणाले. "फोटो मी धाडला हुता. माझ्या अंगठ्यानं. मल्लव्वाचा काडीचा दोष न्हाय. हिला मी वाट्टेल ते बोललो, चुकलो." त्यांनी हात जोडले. "मल्लव्वा, बस आता तुझ्या जागेवर."

सगळ्यांना वाटलं, झालं, आता ती बसेल. मलाही तसंच वाटलं. पण मल्लव्वा उभीच राहिली.

"अण्णा, तुमी घरापतूर आला, मला लई बरं वाटलं. पर मी अशी न्हाय बसायची."

"मग कशी?" अण्णा गोंधळले. "तुला पगार..."

"पगार नगं. ह्या यंत्रात माझं नाव घाला." तिने माझ्याकडे बोट केलं, सरळ माझ्याकडे! "तुमचं नाव हुतं म्हणून आज तुमची चूक तुमच्यापाशी आली. माझं नाव कुटंच नव्हतं, म्हणून कुणाची तरी माझ्यापाशी आली. उद्या माझ्या हातनं चुकलं तर माझंच नाव येऊ द्या की. मी न्हाय भ्यायची. दुसऱ्याचं मात्र मला नगं."

 अण्णांनी स्वतःच पंचाक्षरीला फोन लावला. "आत्ताच्या आत्ता ये. सगळ्या बायकांची नावं घालायचीत. सगळ्यांची! एक न्हाय सोडायची."

त्या दुपारी आमच्याकडे सणासारखी गडबड होती. एकेक जण पदराआड फोन धरून आपापला पासवर्ड घालत होती आणि दुसरीला 'तिकडं बघ की' म्हणत होती. सोनाबाईने आपला पासवर्ड ठरवला आणि लगेच विसरली, म्हणून तिला पुन्हा ठरवावा लागला. काळी पेटी नावं गिळता गिळता दमून गेली.

सगळ्यांत शेवटी मल्लव्वा आली. रुमालाची गाठ सोडून तिने फोन काढला. एकेक अक्षर शोधत तिने नाव लिहिलं, पासवर्ड लिहिला. पहिल्यांदा चुकला. पेटी 'नाही' म्हणाली आणि माझा जीव खालीवर झाला. मल्लव्वाने फोन खाली ठेवला, बोट पदराला पुसलं आणि पुन्हा लिहायला घेतलं. पेटी म्हणाली, 'हो.'

मग तिने पुण्याच्या ऑर्डरीचं खरं लेबल यंत्राला पाठवलं. वजन, तारीख आणि एका कोपऱ्यात ज्वारीचं कणीस. सगळ्यांत आधी बाहेर आलं ते नावाचं लेबल. अण्णांनी ते उचललं, चष्मा डोळ्यांवर ओढला आणि सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं, "मल्लव्वा." त्यानंतर ती खुर्चीत बसली आणि पुडा हातात घेतला. ती खोकी पुण्याहून परत आली नाहीत. दुसरी पाठवा, असा निरोप तेवढा आला.

मित्रांनो, पाहुण्यांना आजही आमच्याकडे पाणी, गूळ-शेंगा आणि वायफाय मिळतं, त्यांच्या वेगळ्या दाराने. तुम्हीही या. मला तुमच्याकडे फार काही मागायचं नाही. माझ्यासारखा कोणी तुमच्या घरी किंवा दुकानात भिंतीवर बसलेला असेल तर त्याच्यावरची धूळ कधीतरी पुसा, त्याला वेळच्या वेळी नवं शिकवा आणि झेंडूचा हार जरा बाजूला घाला. आपला पासवर्ड भिडेपोटी कोणाला सांगू नका आणि दुसऱ्याच्या नावाने कोणत्याही दारातून आत शिरू नका. तुम्हाला ती लहानशी गोष्ट वाटते. पण तुमची चूक तुमच्या नावावर पडली नाही, तर ती हवेत राहत नाही. ती कोणत्या तरी मल्लव्वाच्या अंगावर पडते.

आता रोज सकाळी भाकऱ्यांचा आवाज सुरू व्हायच्या आधी ती येते, रुमालाची गाठ सोडते. मी विचारतो, "कोण?" ती आपलं नाव सांगते, आणि मी दार उघडतो.